घोरणं आणि घरघर

एसटीत शेजारचा माणूस मान छातीवर टाकून घोरायला लागला की मी त्याची हनुवटी वर करते. न विचारता. बायका दचकतात, पुरुष रागावतात. सुट्टीवर आलेल्या एका फौजी माणसाने तर आधी खिसा चाचपून पाहिला. मी म्हणते, "मान सरळ ठेवून झोपा," आणि खिडकीबाहेर बघते. माझं लग्न ठरत होतं तेव्हा घरच्यांनी मुलाची शेतीवाडी विचारली, नोकरी विचारली. मी त्याच्या बहिणीला बाजूला घेऊन विचारलं, घोरतो का? ती अजून ते सांगून हसते.

हे वेड नाही. याला कारण आहे आणि ते पलूसला आमच्या घरात घडलं.

सत्तरचं दशक नुकतंच लागलं होतं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते. वडील फौजेतून पेन्शनीवर आलेले, अंगाने दणकट. ऊसतोडीचे दिवस होते. भरलेल्या गाडीवर उभं राहून दोर आवळताना दोर तुटला आणि ते डोक्यावर पडले. शेतातून उचलून आणलं तेव्हा शुद्ध नव्हती, एका कानातून थोडं रक्त आलं होतं. बाजेवर निजवलं. डोक्याखाली दोन उशा दिल्या, कारण दुखणाईताला कोणीही आधी उशीच देतं. थोड्या वेळाने ते घोरायला लागले. मोठ्याने, नेहमी घोरत तसंच.

घरात सगळ्यांचे चेहरे सैल झाले.

"घोराय लागलं," चुलते म्हणाले. "झोप लागली. कुणी हलवू नगा त्यास्नी. उठतील आपसूक."

डॉक्टरांना आणायला एकजण सायकलवर टांग टाकत होता, त्यालाही चुलत्यांनी ओट्यावरून सांगितलं, "सावकाश जा रं, आता काय घाई न्हाई." आईने चूल पेटवली. उठल्यावर चहा लागेल म्हणून आधण ठेवलं.

दुपार कलताना, डॉक्टर यायच्या आधीच, आवाज बदलला. घशात काहीतरी रटरटत असल्यासारखा झाला. ओठ काळसर दिसायला लागले. शेजारची म्हातारी आत आली, उभ्या उभ्या ऐकलं आणि बाहेर जाऊन म्हणाली, "घरघर लागली."

त्या एका शब्दाने सगळं घर दुसऱ्याच कामाला लागलं. वडिलांना बाजेवरून खाली घोंगड्यावर घेतलं. उशा पुन्हा डोक्याखाली गेल्या. कोणीतरी तुळशीचं पान खुडून आणलं. आईने पळीने तोंडात पाणी घातलं, मग चुलत्यांनी, मग ज्याने त्याने. मी उंबऱ्यात उभी होते. आवाज आधी वाढला आणि मग एकदम बंद झाला. पोट मात्र हलत राहिलं. पोट वर यायचं तेव्हा छाती आत जायची. मग तेही थांबलं.

"सुटलं," चुलते म्हणाले. "बायकोच्या हातचं पाणी घिऊन गेलं."

वडील गेल्यावर मला शिकवायला पैसा नव्हता, पण नर्सिंग शिकताना विद्यावेतन मिळतं असं कळलं आणि मी सांगलीला गेले. आम्हाला शिकवणाऱ्या सिस्टर केरळच्या होत्या. मराठी त्यांनी वॉर्डात रोग्यांशी बोलून उचललेली. एकदा त्यांनी आमच्यातल्या एका मुलीला टेबलावर निजवलं, तिच्या डोक्याशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बेशुद्ध माणूस घोरतो. तुम्ही काय म्हणते? झोपला. झोपला नाही! जीभ मागे पडला. आवाज येतो म्हणजे वाट अर्धा बंद. आवाज गेला, पोट हलतो, छाती आत जातो, म्हणजे वाट पूर्ण बंद. उशी दिला, मेला. पाणी दिला, मेला."

मुली त्यांच्या व्याकरणाला हसत होत्या. टेबलावरची तर हसून हसून हलत होती. सिस्टरांनी तिच्या कानांखाली, जबड्याच्या दोन्ही कोपऱ्यांना बोटं लावली आणि जबडा वर, पुढे उचलून दाखवला. जीभ जबड्याला बांधलेली असते. जबडा पुढे आला की जीभही येते आणि मागची वाट मोकळी होते. एवढंच. हत्यार लागत नाही, औषध लागत नाही.

"समजलं?" त्यांनी मला विचारलं, मी हसत नव्हते म्हणून असेल.

"समजलं," मी म्हणाले.

उंबऱ्यात उभी राहून मी काय पाहिलं होतं ते मला त्या टेबलाशी कळलं.

त्यानंतर मी वडिलांचं मरण एखाद्या केससारखं पुष्कळदा तपासलं. कानातून रक्त म्हणजे कवटीला मार. आत रक्तस्राव होत असेल तर ते तसेही गेले असते. नसेल तर, कुशीवर निजवून जबडा धरून सांगलीपर्यंत आणले असते तर, कदाचित वाचलेही असते. दोन्ही बाजूंना सारखंच वजन पडतं. निकाल लागत नाही. निकाल लागला असता तर बरं झालं असतं, कुठलाही.

नोकरीची पहिली मोठी नेमणूक जावळीच्या डोंगरात मिळाली, मेढ्याच्या वरच्या अंगाला. आरोग्य केंद्र, शेजारी दोन खोल्यांचं क्वार्टर. भावांची लग्नं झाल्यावर, माझं अजून व्हायचं होतं तेव्हा, आई माझ्याकडे राहायला आली. बोलकी बाई. महिन्याभरात तिने अर्ध्या गावाशी नातं जोडलं. बायका दुपारी येऊन बसत आणि कधी ना कधी विषय मालकांवर येई. मग आई सांगायची.

"सकाळी गाडीवरनं पडलं. दुपारी घरघर लागली. माझ्या हातचं पाणी घशाखाली उतारलं आनि डोळं मिटलं बगा. एक शबुद न्हाई, तळमळ न्हाई. फौजेत इतकी वर्सं काढली, कुठं बर्फात पडायचं माणूस, पर माझ्या हातचं पाणी नशिबात हुतं."

"भाग्याच्या तुमी," बायका म्हणत आणि पदर डोळ्यांना लावत.

मी भांडी घासायला उठत असे. घासलेली असली तरी. हे सांगताना आईचा चेहरा उजळायचा. तिच्याकडे नवऱ्याचं म्हणून एवढंच उरलं होतं आणि ते पाणी काय होतं हे फक्त मला माहीत होतं. मी ठरवून टाकलं होतं, हे तिला कधीही कळू द्यायचं नाही. वाड्यावस्त्यांवर बायकांना प्रथमोपचार शिकवताना मी बेशुद्ध माणसाचा धडा सगळीकडे द्यायची. आई तिथवर चढून येत नसे. घरात मात्र तो विषय मी काढत नसे.

एका उन्हाळ्यात सकाळच्या वेळी आई क्वार्टरच्या अंगणात धोतरावर कुरडया घालत होती. डोंगरात राबासाठी झाडांच्या फांद्या तोडायचे दिवस होते. भाताची रोपं टाकायची जमीन त्या फांद्यांनी भाजून घेतात. डॉक्टर आणि जीप दोन्ही शिबिराला गेलेले. वरच्या वाटेने चार माणसं बांबूला घोंगडं बांधून त्यात कोणालातरी घेऊन पळत उतरताना दिसली. मागे एक बाई धावत होती आणि एक म्हातारा काठी टेकत.

त्यांनी झोळी माझ्यासमोर ठेवली. घोंगड्यात एक तरणा गडी वाटोळा होऊन पडला होता. हनुवटी छातीत रुतलेली आणि वर कोणीतरी मायेने पटक्याची घडी डोक्याखाली दिलेली. आवाज मी लांबूनच ऐकला होता.

"झाडावनं पडला, बाई," त्याचा भाऊ धापा टाकत म्हणाला. "वाटंनं चांगला घोरत आला. आमी म्हटलं निजला, हलवायचा न्हाई. खालच्या वढ्यापासनं घरघर लागली."

दोन्ही शब्द त्याने एकाच दमात घेतले. घोरणं म्हटलं की लोक झोपू देतात. घरघर म्हटलं की पाणी पाजतात. वाट अडली आहे, ती मोकळी करा, असं सांगणारा शब्द दोन्हींच्या मध्ये कुठे नाही.

म्हातारा टेकला. तो गड्याचा बाप होता. "आता इंजिक्शन कुठलं करताय, बाई," तो म्हणाला. "दारात तुळस हाय न्हवं? वाईच पाणी द्या. हिच्या हातनं घालू द्या."

मी केंद्रातून कात्री आणि माझी पिशवी घेऊन आले तोवर आई घरात जाऊन आलीसुद्धा. हातात तांब्या, पळी, पळीत तुळशीचं पान. अशा वेळी काय करायचं ते तिला ठाऊक होतं. ती त्या बाईजवळ बसली, तिचा हात हातात घेतला आणि पळी त्यात दिली.

"घाल गं लेकी. भिऊ नगंस. मी बी घातलं हुतं. सुखानं जात्यात."

इथे मी क्षणभर थांबले असं लिहिलं तर शोभून दिसेल. थांबले नाही. पळीला हात मारला. पाणी कुरडयांवर सांडलं.

"पाणी नको! एक थेंब नको! पाण्यानंच मरेल तो!"

आई माझ्याकडे बघत राहिली. मला तेव्हा तिच्याकडे बघायला सवड नव्हती.

घोंगडं कापलं. पटका काढून फेकला. पडलेला माणूस, मानेचं हाड दुखावलेलं असू शकतं, म्हणून चौघांना सांगितलं, डोकं आणि धड एका रेषेत, फळीसारखं, तसंच कुशीवर घ्या. बोटाला गॉज गुंडाळून तोंड पुसून काढलं. रक्त होतं, ओकलेली भाकरी होती. घशात घालायची वाकडी नळी डॉक्टरांच्या पेटीत, पेटी जीपमध्ये. माझ्याकडे नव्या जन्मलेल्या पोरांच्या घशातला चिकटा तोंडाने ओढून घ्यायची रबरी नळी होती, तीच घातली आणि ओढलं. त्याला पुन्हा उताणं केलं, डोक्याशी बसले, मान न वाकवता जबड्याच्या कोपऱ्यांना बोटं लावली आणि पुढे उचललं.

आवाज थांबला.

आणि त्याची बायको किंचाळली. म्हाताऱ्याने डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. "गेला," तो म्हणाला.

"गेला नाही. बाई, इकडे ये. हात आण. नाकापुढे धर. काय लागतंय?"

ती हात ओढून घेत होती. मी पुन्हा ओरडले तेव्हा धरला.

"ऊन," ती म्हणाली. "ऊन लागतंय."

"तो श्वास आहे. आता छातीकडे बघ. वर येतेय, खाली जातेय. पोटाबरोबर जातेय, पोटाच्या उलट नाही. असंच बघत राहा, मला सांगत राहा."

खालचा ओठ उलटून पाहिला. वांग्याच्या रंगाचा होता. हळूहळू त्याच्यात लाल उतरायला लागला.

पण माझे दोन्ही हात अडकले होते. नाडी बघायची होती, डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या होत्या, त्याला साताऱ्याला न्यायला गाडी बघायची होती. भावाला म्हटलं, माझ्या जागी बस. तो मागे सरला. "मला न्हाई जमायचं, बाई. सुटलं तर?"

"मी धरती," आई म्हणाली.

ती येऊन माझ्याशेजारी बसली. "सांग कसं ते."

मी सांगितलं. आडमार्गाने सांगायला वेळ नव्हता. बेशुद्धीत जीभ मागे पडते, वाट तुंबते, आत हवा जायला धडपडते त्याचा तो आवाज. जबडा पुढे धरून ठेवायचा, वाट मोकळी राहते. आईने बोटं लावली, एकदा सैल केली, पुन्हा उचलली. सैल केल्यावर आवाज आला, उचलल्यावर गेला.

"म्हंजी दारं धरायचं," ती म्हणाली.

आमच्या उसाच्या पट्ट्यात पिकाला पाणी पाजताना पाटाच्या तोंडाशी फावडं घेऊन उभं राहतात, ढेकूळ आलं की काढतात, पाणी सरीत नीट जाऊ देतात. त्याला दारं धरणं म्हणतात. वडील फौजेत असताना आमच्या शेताची दारं आईनेच धरली होती.

"पाटात गाळ आसला की पाणी वाजतं," ती म्हणाली. "मोकळा झाला की गप जातं."

"हो."

ती पुन्हा जबड्यावर वाकली.

मेढ्याला साताऱ्याची एसटी सुटायच्या बेतात होती. आम्ही त्याला दाराच्या फळीवर बांधून तिथवर नेलं. कंडक्टर दारात आडवा झाला. "शिस्टरबाई, असला पेशंट नियमात बसत न्हाई."

"मग नियम खाली उतरीव," ड्रायव्हर पुढूनच ओरडला, "आनि त्याच्या जागी पेशंट घे. चल, मागच्या शिटा मोकळ्या कर."

मागची माणसं उठली. कोंबड्यांची पाटी घेतलेला एक म्हातारा कुरकुरला, "माझ्या कोंबड्यांचं तिकीट काढलंय." "त्यास्नी पुढं बसीव, खिडकीला," कोणीतरी म्हणालं आणि माणसं हसलीसुद्धा. आई हसली नाही. ती गाडीच्या तळाला मांडी घालून बसली, त्या गड्याचं डोकं दोन मांड्यांमध्ये घेऊन. खड्डा आला की तिची बोटं सरकायची, आवाज यायचा, ती पुन्हा नेम धरायची, आवाज जायचा. भाऊ म्हणाला, आता मी धरतो, जमंल मला. तिने मान हलवली. अर्ध्या वाटेत पुन्हा तोंड भरलं तेव्हा आम्ही त्याला कुशीवर वळवून साफ केलं, आणि परत निजवल्यावर तिने आपणहून बोटं बरोबर जागी लावली.

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आवाजावरनं कळतंच की. येवढं सोपं हाय व्हय."

मी त्याची नाडी धरून होते. एसटीच्या इंजिनाचा एवढा गोंगाट, पण मला मधलं प्रत्येक घोरणं वेगळं ऐकू येत होतं, आणि तिलाही येत असणार.

गडी वाचला. बरेच दिवस साताऱ्याला होता, बोलणं थोडं जड राहिलं, पण चालत परत आला. सुगीला त्याच्या बायकोने नवा तांदूळ आणून दिला. आईसमोर वाकली. "तुमच्या हातनं वाचला, आत्या." आईने तिला हाताला धरून उठवलं आणि चहा ठेवायला आत गेली.

दुपारच्या बायका येतच होत्या. त्यांच्यातल्या कोणी मालकांचा विषय काढला तर आई आता एवढंच म्हणायची, "गाडीवरनं पडून गेलं." पाण्याचं सांगत नसे. जिने आधी ऐकलेलं असे ती आठवण करून द्यायची, "तुमच्या हातचं पाणी घेऊन गेलं न्हवं?" आई म्हणायची, "व्हय," आणि कुरडया, पापड, जे काय असेल त्याचं बोलायला लागायची. पूर्वी ती गोष्ट सुरू झाली की मी भांडी घासायला उठत असे. आता ती सुरू होत नव्हती आणि मला बसवत नव्हतं.

तोच तांदूळ निवडत आम्ही दोघी बसलो होतो तेव्हा ती म्हणाली, "त्यांचा बी तसाच वाजत हुता."

मी तयारी करून ठेवली होती. "त्यांच्या डोक्याला मार होता, आई. ते वेगळं."

"ह्याच्या बी डोक्यालाच हुता."

"त्यांच्या कानातून रक्त आलं होतं. कवटी फुटली होती. आत रक्त साकळलं की काही केलं तरी माणूस राहत नाही. साताऱ्याचा, सांगलीचा, कुठलाही डॉक्टर हेच सांगेल."

यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. ती सूप हलवत राहिली. खडा सापडला, तो तिने अंगणात टाकला.

"आसंल," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवून, "माझ्या येळंला आदी दारं धरून बघ. मग पाणी."

"बरं."

"इसरशील."

"नाही विसरणार."

ऐंशीचं दशक संपता संपता तिच्या छातीत कफ साठायला लागला. हृदय थकलं होतं. तिला पलूसला जायचं होतं, म्हणून शेवटी तिथेच नेलं, त्याच घरात. दोन-तीन आठवड्यांनी एका सकाळी तिची शुद्ध गेली आणि आवाज सुरू झाला. चुलते तेव्हा म्हातारे झाले होते, काठी घेऊन उंबऱ्यात बसलेले. त्यांनी कान दिला आणि म्हणाले, "घरघर लागली. पाणी आण गं."

सगळे तिथेच होते. भाऊ, वहिन्या, शेजारपाजार. तांब्या आला, पळी आली. मी तांब्या बाजूला ठेवला. तिच्या डोक्याखालची उशी काढली, तिला कुशीवर वळवलं, तोंड पुसून घेतलं. मग तिच्या डोक्याशी बसले, जबड्याला बोटं लावली आणि उचललं.

आवाज तसाच राहिला.

बोटं नीट लावून पुन्हा उचललं. ऐकलं. जीभ आडवी नव्हती. तो खालून, छातीतून येत होता आणि त्याला वाट मोकळी करून द्यायला माझ्या हातात काही नव्हतं. तरी मी बराच वेळ धरून बसले. तिने सांगितलं होतं तेवढं तरी नीट व्हायला हवं होतं.

चुलते उंबऱ्यातून म्हणाले, "किती हनुवटी धरून इनवशील पोरी? जानारं मानूस थांबत न्हाई. पाणी घाल."

मी विनवत नव्हते. पण ते समजावायला मला त्यांना वडिलांच्या वेळचंही समजावावं लागलं असतं. मी बोटं काढली, पळी घेतली आणि तिच्या ओठांना लावली.